गळमीमांसा : वर्धा जिल्ह्यापुरती

कोणत्याही शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगून टाकाव्यात, असा जुन्यांचा दंडक आहे. विषय : गळाला काय लावावे आणि लावल्यावर काय करावे. प्रयोजन : रविवार. संबंध : मासा आणि माणूस यांच्यामध्ये असलेला दहा-वीस हात तंगूस. अधिकारी : ज्याला घरून भाजी आणायला पाठवले आहे आणि जो पिशवीसह नदीच्या काठावर बसलेला आहे, तो.

आता पूर्वसूरींना नमस्कार. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' सिद्ध केला. राज्यकारभार, हत्ती, वैद्यक, पाककला, संगीत अशा भारदस्त विषयांच्या पंगतीत त्याने 'मत्स्यविनोद' नावाचे पान वाढले आणि कोणता मासा कुठे असतो, त्याला काय खाऊ घालावे, गळ कसा टाकावा हे राजाला शोभेल अशा गांभीर्याने सांगितले. विसाव्या शतकात सुंदरलाल होरा या नामवंत मत्स्यशास्त्रज्ञाने त्या प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहिला. इंग्रज ज्याच्या नावाने टोपी काढतात त्या आयझॅक वॉल्टनचा ग्रंथ १६५३ चा. म्हणजे आपल्यापेक्षा पाच शतके उशिराचा. राष्ट्राभिमान्यांनी ही नोंद जपून ठेवावी, चहाच्या टपरीवर उपयोगी पडते.

अमेरिकेत जेम्स हेन्शॉल या डॉक्टराने १८८१ मध्ये काळ्या बास माशावर जाडजूड पुस्तक लिहिले. त्यानंतर त्या देशात या एका माशाच्या जबड्यात काय कोंबावे यावर इतका विचार झाला, की तेवढ्यात आपली दोन-तीन दर्शने उरकली असती. अडचण एवढीच, की बास वर्धा जिल्ह्यात नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केले, तोही नाही. तो आम्हाला फक्त बर्फात भेटतो. आमच्याकडे या शास्त्राचा सगळा भार मरळ या एका माशाने उचललेला आहे.

मरळ हा शिकारी. डोके सापासारखे चपटे, तोंडात दात, आणि जन्म पाण्यात काढूनही वरची हवा घेतल्याशिवाय न भागणारा. थोड्या थोड्या वेळाने तो वर येतो, हवेचा घोट घेतो, खाली जातो. त्या वेळी पाण्यावर जो बुडबुडा उठतो, तेवढेच या शास्त्रातले प्रत्यक्ष प्रमाण. बाकी सगळे अनुमान आणि शब्दप्रमाण; आणि शब्दप्रमाणात पलीकडच्या काठावर बसलेल्या माणसाचे शब्द धरू नयेत. बेशरमाच्या झुडपांच्या मुळाशी, शिंगाड्याच्या वेलाखाली, गावतळ्याच्या शेवाळात मरळ दबा धरून असतो आणि वरून काही हलले की झडप घालतो. बासही हेच करतो. त्यामुळे अमेरिकन वाङ्मय आम्हाला जवळजवळ जसेच्या तसे लागू पडते. त्यात पानोपानी येणारा थंड बिअरचा डबा तेवढा वगळावा, कारण जिल्ह्यात दारूबंदी आहे. तिथे 'थर्मासमधला चहा' हा पाठ स्वीकारावा.

आता मूळ वाद. गळाला काय लावावे हा प्रश्न माशाचा आहे, असे आजवरचे सर्व ग्रंथकार धरून चालले. प्रस्तुत लेखकाच्या मते तो बैठकीचा आहे. गळवाल्यांची दर्शने दोनच. एक स्थितिवादी : हा सावली बघून बसतो आणि माशाने यावे अशी अपेक्षा ठेवतो. दुसरा गतिवादी : हा माशाकडे जातो, काठाकाठाने चालतो, टाकतो, ओढतो, पुन्हा टाकतो. आमिष ही पुढची गोष्ट. आधी माणूस बसणारा की चालणारा, हे ठरलेले असते. कारण गांडूळ गळावर स्वतःच वळवळते, मालकाला काही करावे लागत नाही. रबरी बेडूक मात्र जन्मतः निर्जीव. त्याला जिवंत भासवण्याची सगळी मेहनत मनगटावर येते : टाका, थांबा, दोन बारीक झटके, थांबा, ओढा. खऱ्या आमिषात कष्ट किड्याचे, खोट्यात कष्ट आपले. एवढा हिशोब लक्षात घेतला की मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेल्यावर, वर्ध्यात गांडूळपंथ का फोफावतो ते वेगळे सांगायला नको.

पण नेमके मे महिन्यातच गांडूळ मिळत नाही. काळ्या जमिनीला हात जाईल अशा भेगा पडलेल्या असतात आणि गांडुळे ओल शोधत खोल गेलेली असतात. मग उकिरड्याचा ओला कोपरा किंवा न्हाणीचे सांडपाणी मुरते ती जागा उकरावी लागते, आणि आपण हे का उकरतो आहोत हे घरच्या वडीलधाऱ्यांना पटवून द्यावे लागते. मृगाचा पाऊस पडला की हीच गांडुळे आपण होऊन अंगणात येतात, तर तेव्हा ज्याला त्याला पेरणीची घाई. निसर्गाने या शास्त्राची रचना करताना शेतकऱ्याचा विचार केलेला दिसत नाही.

गांडुळावर मागूर येतो, वाम येते, बारीकसारीक मासोळ्या तर नको म्हटले तरी येतात. रोहू, कटला, मृगळ ही त्रयी मात्र शाकाहाराकडे झुकलेली, आणि तळ्यात बहुधा माणसाने आणून सोडलेली. १० जुलै १९५७ रोजी कटकला हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या कुळातल्या माशांचे प्रजनन साधले. पुढे मत्स्यबीज हवे तेव्हा तयार करता येऊ लागले आणि ते गावोगावच्या तलावांत पोचले. म्हणजे रोहू हा योजनेतला मासा; मरळ स्वतःच्या हिमतीवर राहतो. रोहूसाठी गोळा लागतो, आणि गोळ्याच्या बाबतीत कणिकवादी व ढेपवादी यांच्यात समेट शक्य नाही. आमचे मत ढेपेला. ज्या हिंगणघाटच्या कापसाने एकेकाळी विलायतेच्या व्यापाऱ्यांत नाव कमावले, त्याच पट्ट्यातल्या सरकीची ढेप भिजवून, थोड्या बेसनात मळून लावली तर रोहूनेही परंपरेचा मान राखायला हवा. ढेप पाण्यात हळूहळू सुटते, वास पसरतो, मासा शोधत येतो. कणीक चिवट राहते, हे तिचे बलस्थान. पण तिच्यात सांगण्यासारखे काही नाही.

याहून गहन विषय खोलीचा. कटल्याचे तोंड वर वळलेले, म्हणून तो वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. स्वर्ग, मृत्यू, पाताळ. शिसे किती जड आणि वर तरंगणारा ज्वारीच्या धांड्याचा तुकडा किती हातांवर बांधलेला, यावर आपण कोणत्या लोकात गळ टाकतो आहोत ते ठरते. शहाण्याने आधी हे ठरवावे आणि मग गोळ्यात हिंग घालावे की बडीशेप याकडे वळावे. व्यवहारात क्रम उलटा : हिंगावर तासभर खल, आणि खोली देवाच्या भरवशावर.

बघ्यांचा अध्याय पाश्चात्त्य ग्रंथांत नाही, ही त्यांची मोठी उणीव. आमच्याकडे काठी पाण्यावर गेली की पाठीमागे माणूस उगवतो. तो विचारतो, "लागलं का जी काही?" याला शास्त्रसंमत उत्तर एकच : "आत्ताच तर बसलो." हे उत्तर सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत चालते. दुसरा बघा सल्लागार असतो. "इथं काही नाही जी, तिकडं वडाखाली टाका." तिकडे वडाखाली बसलेल्याला हाच सल्ला उलट दिशेने मिळालेला असतो.

आता रबरी बेडूक. हा आतून पोकळ, आणि त्याचे दोन गळ पाठीवर वर वळवून चिकटवलेले. त्यामुळे तो शेवाळावरून, शिंगाड्याच्या पानांवरून अडकल्याशिवाय सरकतो. मरळाने चावला की पोकळ अंग दबते आणि गळ उघडे पडतात. इतकी सोपी आणि हुशार वस्तू मानवाने क्वचितच केली असेल. दुकानात मात्र वाद रंगाचा : हिरवा, पिवळा, ठिपक्यांचा, काळा. मरळ त्याला खालून, उजळ आभाळाच्या पडद्यावर बघतो. खालून बघणाऱ्याला कोणताही बेडूक बव्हंशी सावलीच. शिवाय पावसाळ्यात काळ्या मातीने गढूळ झालेल्या पाण्यात माशाला डोळ्यांपेक्षा अंगावरच्या पार्श्वरेषेचा आधार जास्त. तिच्याने तो पाण्याची थरथर ओळखतो. तेव्हा रंगाचा प्रश्न गिऱ्हाइकापुरताच उरतो. आम्ही हिरवा घेतो.

झडप बसल्याबरोबर हिसका मारणे ही नवशिक्यांची सर्वात महाग चूक. मरळ बेडूक आधी धरतो, मग फिरवून नीट तोंडात घेतो. लगेच ओढले तर बेडूक तेवढा परत येतो आणि कपाळावर बसतो. मधला वेळ मोजण्यासाठी घड्याळ बघता येत नाही. आमची शिफारस : 'रामकृष्णहरी' हे एकदा, न घाईने, पूर्ण म्हणावे आणि मग काठी उचलावी.

हरीचे नाव आल्यावर अहिंसेचा प्रश्न टाळता येणार नाही. जिल्हा सेवाग्रामचा. १९३६ पासून गांधीजी तिथे राहिले. धाम नदीच्या काठी पवनारला विनोबांचा आश्रम. आणि १९४८ च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या अस्थी त्याच पात्रात विसर्जित झाल्या. आश्रमासमोर गळ टाकू नये हे सांगावे लागू नये, पण इतरत्रही हिशोब स्वच्छ हवा. जिवंत बेडकावर मरळ धरला तर जीव दोन. गांडुळावर मागूर धरला तर जीव किती, हे डब्यातल्या उरलेल्या गांडुळांवरून काढावे. ढेपेवर रोहू : एक. रबरी बेडकावर मरळ : एक, आणि सोडून दिला तर शून्य, ओठाला पडलेले भोक वजा जाता. तत्त्वतः हा शेवटचा मार्ग श्रेष्ठ. परंतु "पकडला होता, सोडून दिला" या विधानाला घरच्या न्यायालयात पुरावा म्हणून किंमत नाही, शिवाय मरळात काटे कमी असतात. त्यामुळे प्रस्तुत लेखक तत्त्व मान्य करून पिशवी सोबत ठेवतो.

स्थलविचार थोडक्यात. बोर धरणाचा परिसर व्याघ्र प्रकल्पाचा, २०१४ पासून अधिकृतपणे. तिथे गळाचे नाव काढू नये, वाघ असो वा नसो. धाम, निम्न वर्धा आणि गावोगावचे तलाव यांपैकी जिथला ठेका मच्छीमार संस्थेकडे आहे, तिथे आधी त्यांना विचारावे. विचारताना भोई-ढीवर मंडळींशी आमिषावर वाद घालू नये. जी गोष्ट ते जाळ्याने पहाटे उरकतात तिच्यावर आपण दुपारपर्यंत निबंध रचतो, याबद्दल ते काही बोलत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

एक प्रकरण मात्र थट्टेबाहेरचे. पावसाळ्यात तळ्याच्या कडेला बारीक तांबूस पिलांचा पुंजका पाण्यावर खदखदताना दिसतो. ती मरळाची पिले. खाली आईबाप राखणीला असतात. त्या पुंजक्यावरून बेडूक ओढला की मरळ हमखास येतो, कारण तो खायला येत नाही, हाकलायला येतो. तो गळाला लागला की राखण संपते आणि पिले दुसऱ्या माशांच्या पोटात जायला वेळ लागत नाही. या तंत्राला काही जण कौशल्य म्हणतात. आम्ही ते या शास्त्रात धरत नाही. तांबडा पुंजका दिसला तर तिथे गळ टाकू नका, आणि शेजारचा टाकत असेल तर त्याला तोंडावर सांगा.