चुकीची बेल वाजवणाऱ्यांचा सत्कार

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला पहिला समास मूर्खाला दिला आणि दहावा पढतमूर्खाला. पायथन ही संगणकाची भाषा शिकवताना मी पहिल्याच्या बाजूने उभा राहतो. नसलेल्या दाराची बेल जो बेधडक वाजवतो, त्याला शाल आणि श्रीफळ द्यावं, असं माझं ठाम मत आहे.

नवीन पनवेलमधली एखादी जुनी इमारत घ्या. तळमजला, वर दोन मजले, मजल्यावर दोन बिऱ्हाडं.

इमारत = [["जोशी", "पाटील"], ["म्हात्रे", "भोईर"], ["घरत", "शेख"]]

यादीच्या पोटात याद्या. (अंक इथे मराठीत छापले आहेत, पायथनच्या ओळीत ते इंग्रजीच लागतात.) इमारत[१] म्हटलं की माणूस हाती लागत नाही, अख्खा मजला लागतो. त्याला आणखी एक कंस जोडून इमारत[१][०] केलं, की म्हात्रे सापडतात.

पहिला कंस पनवेलकराला शिकवावा लागत नाही. तळमजला शून्य, त्याच्या वरचा पहिला, हे जिना चढतानाच अंगवळणी पडलेलं असतं. पण म्हात्र्यांच्या दारावर पाटी १०१ची. म्हणून एखादी मुलगी १०१साठी इमारत[१][१] लिहिते आणि भोईरांच्या दारात उभी राहते. पायथन चकार शब्द काढत नाही. मग ती १०२साठी इमारत[१][२] लिहिते आणि पडदा ओरडतो: इंडेक्सएरर, लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज. धन्य ती मुलगी! दुसऱ्या चुकीने तिने आधीची मुकी चूक पकडून दिली. ‘मोजणी शून्यापासून’ हे वाक्य घोकून पूर्ण गुण घेणारा मात्र कुठल्याच दारापर्यंत गेलेला नसतो.

काही मुलं कंसच उलटे लावतात. म्हात्रे हवे असताना इमारत[०][१] लिहितात आणि तळमजल्यावरचे पाटील दार उघडतात. ही चूक मला सर्वांत प्रिय आहे, कारण तिच्यामागे पाकिटावर पत्ता लिहिण्याची सवय आहे: आधी खोली, मग इमारत, मग सेक्टर, शेवटी पनवेल. पत्ता आतून बाहेर जातो. पिनकोड मात्र बाहेरून आत येतो. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतला हा क्रमांक १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. पनवेलच्या ४१०२०६मधला ४ हा मोठा विभाग, ४१ त्यातला उपविभाग, ४१० वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक टपाल कार्यालयाचे. पायथनचे कंस याच दिशेने वाचायचे. उलटे कंस लावणाऱ्याला हे एकदा दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

कुणी तिसरा कंसही लावून बघतो: इमारत[१][०][०]. उत्तर येतं ‘म’. नाव हीसुद्धा एक रांगच, तिलाही क्रमांक आहेत. शेवटच्या कंसात १ घातला तर नुसती पाय मोडल्याची खूण हाती येते. आपल्या कानाला ‘म्हात्रे’ दोन अक्षरांचं. पायथन त्यात आठ खुणा मोजतो. ही गोष्ट मला एका नको त्या कंसामुळे कळली, पुस्तकातून नव्हे.

एका चुकीपुढे मात्र सावध राहायला हवं. [[०] * २] * ३ लिहिलं की तीन मजले उभे राहिल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात मजला एकच असतो, तीनदा दाखवलेला. खालच्या पहिल्या दारावर ५ लिहा, तिन्ही मजल्यांवर ५ उमटतो, आणि कुणी ओरडत नाही. इथे यादी छापून डोळ्यांनीच बघावी लागते.

पालकांना एक विनंती आहे. मुलाच्या पडद्यावर इंडेक्सएररच्या ओळी आल्या, तर उत्तर सांगू नका. शेवटची ओळ त्याला मोठ्याने वाचू द्या, आणि मग फक्त इमारत[१] छापायला सांगा.