आधी माप, मग मिलान

इटालियन रोड बाइकची फ्रेम घ्यायची ठरली की बोलणं रंगापासून सुरू होतं. बियांकीचा आकाशी-हिरवा चेलेस्ते की कोल्नागोचा किलवर एक्का? पिनारेलोचा नागमोडी चिमटा की दे रोझाचं हृदय? तासभर हेच. स्वतःच्या पायांची लांबी मात्र अजून कोणी मोजलेली नसते.

मग भाव निघतो. भावाबरोबर 'इटली' निघते.

कुठली इटली?

बियांकी 1885 ची, मिलानची. 1997 पासून ती स्वीडिश समूहाकडे आहे. कोल्नागोचा मोठा हिस्सा 2020 मध्ये अबू धाबीच्या गुंतवणूकदारांनी घेतला. पिनारेलो 2016 मध्ये एका गुंतवणूक कंपनीकडे गेली आणि 2023 मध्ये खाणउद्योगातल्या इव्हान ग्लासेनबर्गकडे. मालक बदलला म्हणून फ्रेम बिघडत नाही, हे खरं. पण मग नुसत्या आडनावाचे पैसे का मोजायचे?

बरं, घडते कुठे? पिनारेलोच्या डॉग्माचं कार्बन जपानच्या तोरेचं, साचाकाम आशियातलं, रंगकाम त्रेविझोचं. ताडेय पोगाचारने 2020 मध्ये टूर द फ्रान्स जिंकली आणि कोल्नागोला टूरचं विजेतेपद पहिल्यांदाच मिळालं. ज्या व्ही3आरएसवर ते मिळालं, तीही आशियात साच्यातून निघालेली. इटलीत बांधली जाते ती कोल्नागोची सी मालिका. म्हणजे 'पोगाचारचीच हवी आणि इटलीतच बनलेली हवी' असा हट्ट असेल, तर त्यातलं एक आधी सोडा.

यात कमीपणा कसला? कार्बनची जगातली उत्तम कामं तैवानमध्ये होतात. कमीपणा आहे तो विकणाऱ्याने झाकण्यात आणि घेणाऱ्याने न विचारण्यात.

मग इटालियन म्हणावं असं होतं तरी काय?

माप घेणारा माणूस.

सायकलपटू एडी मर्क्सचंच घ्या. 1969 मध्ये ब्लुआच्या ट्रॅकवर मोठा अपघात झाला. मर्क्सच्या पुढे गाडी चालवून त्याला वेग देणारा फेर्नां वाम्स्त त्यात दगावला. मर्क्स वाचला, पण पाठीचं दुखणं कायमचं मागे लागलं. त्यानंतर सीटची उंची इकडे जरा, तिकडे जरा, असं त्याचं आयुष्यभर चाललं. शर्यत सुरू असतानासुद्धा. अशा माणसाला तयार साइजची फ्रेम काय कामाची? 1972 मध्ये मेक्सिको सिटीत त्याने तासाभरात 49.431 किलोमीटर कापले, ते एर्नेस्तो कोल्नागोने बांधलेल्या सायकलवर. पुढे त्याच्या फ्रेम्स उगो दे रोझाने बांधल्या. दोघेही मिलानच्या आसपासचे. जगातला सर्वात बलवान सायकलपटू बेल्जियमहून मापासाठी इथे यायचा. आपण साइज ठरवतो जाहिरातीतला फोटो बघून!

आणि नावाचं म्हणाल, तर जोव्हान्नी पिनारेलो 1951 च्या इटलीच्या जिरो शर्यतीत शेवटचा आला होता. 1952 मध्ये संघाने त्याला एक लाख लिरा देऊन आपली जागा दुसऱ्यासाठी सोडायला लावली. त्या पैशांतून त्रेविझोत त्याचं सायकलचं काम उभं राहिलं. जिंकून मिळालेलं नाव नाही ते. कामाने मिळालेलं आहे.

म्हणून दुकानात आधी दोन आकडे मागा, स्टॅक आणि रीच. पायडलांच्या धुऱ्यापासून हेड ट्यूबच्या माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आणि त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर म्हणजे रीच. '54 ची द्या' म्हणून भागत नाही. कोणी सीटची नळी मध्यापर्यंत मोजतं, कोणी टोकापर्यंत, कोणी तिरकी नळी सरळ धरून हिशेब करतं. एकाची 54 दुसऱ्याच्या 54 शी जुळेलच असं नाही. कापड भारी आहे म्हणून दुसऱ्याच्या मापाचा कोट कोणी शिवून घेतं का?

शर्यतीच्या फ्रेमचा स्टॅक कमी असतो. रोज पाच-पाच तास सायकल हाणणारा पंचविशीतला गडी तिच्यावर खुशाल वाकून बसतो. चाळिशीनंतरची, दिवसभर खुर्चीत आखडलेली कंबर कशी वाकणार? हँडलखाली चकत्यांचा मनोरा रचावा लागला, तर ती फ्रेम तुमची नव्हतीच.

जुनी पोलादी फ्रेम? कोलंबस कंपनीच्या नळ्या, जोडांवरचं नाजूक कानसकाम. बघून जीव जडतो, आणि जडावाच. पण टेप घेऊन जा. मागच्या चाकाची जागा 120 किंवा 126 मिमी निघाली, तर नंतरचं 130 मिमीचं चाक सरळ बसणार नाही. पोलाद जाणकाराच्या हातून फाकवता येतं. कार्बन फाकवायला कधीही जाऊ नका. टायरची जागाही मोजा. पावसाळ्यानंतरच्या आपल्या घाटरस्त्यांवर 28 मिमीचा टायर हवाच, आणि अनेक जुन्या शर्यतीच्या फ्रेम्समध्ये तो घासतो.

निम्म्या भावात 'तीच' डॉग्मा मिळतेय? बनावट डॉग्मांचा सुळसुळाट इतका, की जगभरच्या सायकलवाल्यांनी त्यांना 'चायनारेलो' असं नावच ठेवलंय. कार्बनचे आतले थर रंगाखाली दिसत नाहीत. तडा जायचा तर तो उतारावर जाईल, आणि तेव्हा बिल हातात धरून उपयोग नाही.

इटलीचेच पैसे द्यायचे असतील तर ते बांधणाऱ्याला द्या. व्हेनिसजवळचे सार्तो कार्बनच्या नळ्या गिऱ्हाइकाच्या मापाने जोडतात. पोलादात ग्रोसेतोचे तोम्मासिनी आहेत. दारिओ पेगोरेत्ती 2018 मध्ये गेला, पण व्हेरोनाच्या कार्यशाळेत त्याच्या माणसांनी काम चालू ठेवलं. अशा ठिकाणी थांबावं लागतं. थांबा की! माझा कौल मापाने बांधलेल्या पोलादालाच आहे. वजन थोडं जास्त भरेल, पण वाकलेली नळी बदलता येते. आणि शर्यत लावायचीच नसेल, तर त्या थोड्या वजनाचा हिशेब कोण मागतो?

जुनी घ्या की नवी, बीबी, म्हणजे पायडलांचा धुरा जिथे बसतो ती जागा, तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. इटालियन पद्धतीत दोन्ही बाजूंचे आटे उजवे असतात आणि कवच 70 मिमीचं. इंग्लिश पद्धतीत कवच 68 मिमीचं आणि उजव्या बाजूचा आटा उलटा, म्हणून पायडल मारताना ती वाटी सुटत नाही. इटालियन फ्रेमची उजवी वाटी नीट आवळली नाही तर सैल होते, आणि इंग्लिश वाट्या तिच्यात बसत नाहीत. आटा कोणता हे दुकानदाराला विचारा. त्या वाट्या कुठून मिळतील, हे आपल्या मिस्त्रीलाही आधीच विचारून ठेवा.