सहकलाकाराला सांभाळून घेण्याची वऱ्हाडी पद्धत

राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी जवळ आली की अमरावती-अकोल्याच्या हौशी गटांत माणुसकीला पूर येतो. वर्षभर तोंड न बघणारे लोक एकमेकांना ‘भाऊ’ म्हणू लागतात. अभिनयाची रौप्यपदकं मोजकी आणि गटात पात्रं डझनभर. अशा वेळी प्रेमानं वागायचं तर त्यालाही तंत्र लागतं.

नव्या पोराचा सूर चुकला की दिग्दर्शकाच्या आधी तुम्ही बोला, तेवढाच त्याचा भार हलका. टीका मात्र करू नका, आठवण सांगा. ‘हाच रोल म्या केला होता, तवा बाया रडल्या होत्या बावा!’ पोरगा इतका सुधारतो की पुढच्या तालमीला येतच नाही.

उशिरा येणाऱ्याला कधी टोकू नये. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत उरकलं आणि गिनेस विक्रम झाला. तरी बडनेऱ्याचा नायक सातच्या तालमीला नऊलाच पोचतो. सोबत गिलावडे आणले असतील तर त्याला उशीर म्हणत नाहीत.

खरी कसोटी प्रयोगात, समोरचा ब्लँक गेला की. प्रॉम्प्टरवर विसंबू नका. त्याचा आवाज नटाच्या आधी पाचव्या रांगेत पोचतो. डोळे वटारून बघणं हा एक उपाय आहे. त्यानं नटाला वाक्य आठवत नाही, पण प्रेक्षकांना घोटाळा कळतो आणि निदान तुमचं पाठांतर पक्कं असल्याची खात्री पटते. याहून प्रेमळ उपाय म्हणजे त्याचं वाक्य आपणच बोलणं: ‘म्हणजे तुला असं म्हणायचंय का, की ही जमीन तू विकणार नाहीस?’ इथं थांबलात तर तो सावरतो. सहृदय नट थांबत नाही. तो जमिनीचा इतिहास सांगतो, आजोबांचं कर्ज काढतो, त्याच्या वतीनं रडतो आणि स्वतःच्या वतीनं त्याला माफही करतो. समोरच्यानं फक्त मान हलवायची. मध्यंतरात तो पाया पडायला आला तर पडू द्या.

दुसऱ्याची टाळी हा अवघड विषय. ८ जुलै १९२१ ला मुंबईत संयुक्त ‘मानापमान’ झालं, टिळक स्वराज्य फंडासाठी. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. दोघं दोन कंपन्यांचे धनी, दोघांचे चाहते थिएटरात. (केशवरावांच्या ललितकलादर्शनं आपल्या अमरावतीच्या वीर वामनराव जोशींचं ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ केलं होतं, म्हणून त्यांच्यावर थोडा हक्क आपलाही.) एकाच्या पदाला ‘वन्स मोअर’ पडताना दुसऱ्यानं काय करायचं? नुसतं उभं राहायचं. बोलणाऱ्याकडे बघायचं आणि चक्क ऐकायचं. कागदावर एवढंच आहे; करून बघा. आमच्याकडे समोरच्याचं स्वगत सुरू झालं की बाजूच्याला तहान लागते, रंगमंचावरचा तांब्या वाजतो, धोतराचा सोगा सुटतो. दिग्दर्शकानं विचारलं तर उत्तर तयार: ‘म्या तं रिॲक्शन देऊन राह्यलो होतो.’

हे अजिबात झेपत नसेल तर एकपात्री करा. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये पन्नासावर पात्रं एकटे उभी करत, त्यातल्या कुणी कुणाची टाळी खाल्ल्याची तक्रार नाही. ते वऱ्हाड लग्नाचं होतं, आपलं नव्हे, पण हक्क सांगायला काय जातं?

मेकअप-रूममध्ये मात्र हात सैल सोडा. मिशीचा गोंद द्या, पिना द्या, आरसाही द्या. फक्त आपली एंट्री आधी आहे का, ते बघून द्या.

आणि निकाल लागून पदक त्यालाच मिळालं तर पहिली मिठी तुमची हवी. सत्काराच्या फोटोत खांद्यावर हात टाकून उभे राहा, पण मधोमध. पेपरवाले कडेची माणसं कापतात.