पंचेचाळीस कोटींचे नियोजन

भंडाऱ्यात तर्री पोह्यांच्या ठेल्यावर मुंबई इंडियन्सचे सल्लागार मंडळ रोज भरायचे. २०२४ च्या आयपीएलमध्ये संघ १४ पैकी १० सामने हरून तळाशी गेला, तेव्हापासून मंडळावर कामाचा ताण फार. “रोहितले कप्तानीवरून काहाडलं ना भाऊ, तवाच संपलं!” हा पहिला ठराव. “का बे, २०२२ मधी कप्तान कोन होता? तवाबी १० हारले होते,” ही उपसूचना, ती नेहमीप्रमाणे तर्रीत बुडाली.

मग लिलाव. पाच खेळाडू राखायला ७५ कोटी गेले, उरले ४५. ते कुठे घालायचे यावर, ज्यांचा धानाचा चुकारा अजून खात्यात आला नव्हता, त्यांनीच तासभर डोकेफोड केली. एकाने वेगवान गोलंदाजावर बारा कोटी लावले आणि पोह्यांचे पैसे उद्यावर ढकलले.

याच २०२४ च्या मार्चमध्ये वानखेडेवर रणजीच्या अंतिम सामन्यात विदर्भ ५३८ धावांचा पाठलाग करत होता. अक्षय वाडकरने शतक ठोकले, संघ ३६८ पर्यंत पोचला आणि मुंबईकडूनच हरला. त्या पराभवाची चौकशी मंडळाने केली नाही. बहुधा तो अजेंड्यावरच नव्हता. आपलाच संघ तो, त्याच्यासाठी कोण भांडणार!

पुढच्याच हंगामात वाडकरच्या संघाने नागपूरजवळच्या जामठ्यात केरळविरुद्ध पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. तारीख २ मार्च २०२५. मंडळाला कळवावे.