कंसमामा

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा. जिल्ह्याचे तालुके सहा, आणि कंसमामा नाही असा त्यात एकही नाही. कुठं तो निवृत्त मुख्याध्यापक असतो, कुठं अडतीवरचा मुनीम, कुठं स्पर्धा परीक्षांत स्वतः थकून आता दुसऱ्यांची तयारी करून घेणारा. लग्नाची पंगत बसायला उशीर आहे, न्हाव्याकडं नंबर लागायचा आहे, एसटी अजून फलाटावर लागलेली नाही, असा मोकळा वेळ सापडला की मामा खिशातून पेन काढतो. टोपण दातात धरतो. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर ठळक अक्षरात ८÷२(२+२) लिहितो आणि पत्रिका शेजाऱ्यापुढं सरकवून म्हणतो, ‘करा बरं!’

शेजारी बिचारा भोळेपणानं करतो आणि म्हणतो, सोळा. आधी कंस सोडवला, चार आले. मग डावीकडून आठ भागिले दोन चार, गुणिले चार, सोळा. मामा खूश. ‘शाळेत कंचेभागुबेव शिकले होते का नाही?’ कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. ‘कंसाले चिकटलेला दोन म्हणजे “चे”. अन् “चे” भागाकाराच्या आधी. मंग दोनचे चार झाले आठ, आठ भागिले आठ. उत्तर एकच!’ हा ‘एकच’ तो अशा थाटात म्हणतो, की आकडा सांगितला की निकाल दिला ते ऐकणाऱ्याला कळत नाही.

पण शेजारी सुरुवातीलाच ‘एक’ म्हणाला असता, तर मामानं तितक्याच जोरात सोळाची बाजू घेतली असती. भागाकार आणि गुणाकार एकाच पायरीवरचे, त्यात जे डावीकडं ते आधी, ‘चे’ कुठं लिहिलाय दाखवा, वगैरे. घरचे लोक हे ओळखून आहेत. मामी स्वयंपाकघरातूनच सांगते, ‘ते कंस मिटवा अन् जेवाले या.’

मामाचं म्हणणं उडवून लावावं असं मात्र नाही, कारण दोन्ही बाजूंना तालेवार साक्षीदार आहेत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८२ हा कॅल्क्युलेटर अशा गणिताला एक उत्तर देई. त्याच्याच पाठचा टीआय-८३ सोळा देतो. ‘फिजिकल रिव्ह्यू’सारखी नियतकालिकं तिरप्या रेघेनंतर चिकटून आलेला गुणाकार आधी धरतात. एक्सेलमध्ये बरोबरचं चिन्ह देऊन उणे दोनचा वर्ग मागितला तर अधिक चार येतात, गणिताच्या वहीत उणे चार. ÷ हे चिन्ह भागाकारासाठी छापील पुस्तकात आणलं योहान रान या स्विस गणितज्ञानं, १६५९ मध्ये. उत्तर युरोपात काही ठिकाणी तेच चिन्ह वजाबाकीला वापरत. आंतरराष्ट्रीय मानक तर आता म्हणतं की भागाकाराला हे चिन्ह वापरूच नका. मामाला हे सगळं पाठ आहे. शेवटचं कलम तेवढं तो सांगत नाही.

कंचेभागुबेवचीही एक गंमत आहे. त्यातला ‘भागु’ शब्दशः पाळला, म्हणजे दरवेळी भागाकार आधीच केला, तरी उत्तर बिघडत नाही. ‘बेव’ शब्दशः पाळला की घात होतो. खात्यात दहा हजार आहेत, तीन काढले, दोन भरले. शिल्लक नऊ. पण बेरीज आधी म्हणून कोणी तीन आणि दोन पाच केले आणि ते दहातून वजा केले, तर शिल्लक पाच. शाळेत हे सूत्र घोकलेल्या कितीतरी जणांना बेरीज-वजाबाकीची पायरी एकच आहे हे कोणी सांगितलेलंच नसतं. मामा त्यांना गाठून-गाठून सांगतो, आणि इथं त्याचं पुण्य मान्य करायलाच हवं.

त्याचा खरा आखाडा बाजार समितीच्या आवारात, अडतीवर. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची आवक जोरात असते, हमालांची आरडाओरड असते, काट्यावर पोती चढत-उतरत असतात. समजा एका शेतकऱ्याचा माल दोन ढिगांत गेला: तीन क्विंटल चार हजारांनी, दोन क्विंटल ओलसर नसल्यामुळं साडेचार हजारांनी. त्याचा पोरगा मोबाईलवर सरळ ओळ मारतो, ३×४०००+२×४५००, आणि उत्तर येतं एकवीस हजार. मामा मुनीमाच्या गादीवरचा जाड बटनांचा दुकानी कॅल्क्युलेटर ओढून घेतो आणि तीच बटनं त्याच क्रमानं दाबतो. उत्तर: ५,४०,०९,०००. पाच कोटी चाळीस लाख नऊ हजार! ‘घ्या, कोण म्हणते सोयाबीनले भाव नाही?’ कॅल्क्युलेटर बिघडलेला नसतो. जे बटन आधी दाबलं ते आधी, एवढाच त्याचा कायदा. बारा हजारांत दोन मिळवले आणि झालेल्या १२,००२ ला साडेचार हजारांनी गुणलं. म्हणून तर मुनीम पहिला गुणाकार करून एम-प्लस दाबतो, दुसरा करून पुन्हा एम-प्लस, आणि शेवटी एमआरसीवर बेरीज घेतो. एम-प्लस म्हणजे अडतीवरचा कंस. पट्टीवर कटती, हमाली, तोलाई लागायची ती त्यानंतर, आणि त्या कोणत्या क्रमानं लावायच्या यावर मामा दुपार काढू शकतो.

२०१९ चा पावसाळा मामाला विशेष मानवला. जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ असं संख्यावाचन आलं. बोलताना एक आधी आणि लिहिताना दोन आधी, यात मुलं गोंधळतात, असं गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या. राज्यभर धुरळा उडाला. विधानसभेत अजित पवारांनी तेव्हाचे मुख्यमंत्री फडणवीस यांच्या आडनावातल्या विसाचं ‘दोन शून्य’ करून टाकलं. मामाची शंका जास्त अवघड होती: ‘कोणी म्हटलं, वीस एक पोते आणले, तर एकवीस मोजायचे का अठरा चालतील?’ हे शमतंय तोवर जुलैच्या अखेरीस ८÷२(२+२) जगभर फिरू लागलं आणि ऑगस्टच्या सुरुवातीला स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ या गणितज्ञाला न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यावर लिहावं लागलं. वाद लावणारे आपण एकटे नाही, हे मामाला त्या वर्षी कळलं.

हुकमाचं पान मात्र त्याला वाशीमनंच दिलं. वाकाटकांच्या काळचं वत्सगुल्म म्हणजे हे गाव. जुन्या ज्योतिष्यांच्या, उज्जैनवरून जाणाऱ्या मध्यरेखेवरच्या ठिकाणांत त्याचं नाव येतं, गावात मध्यमेश्वराचं देऊळही आहे. रेखांश काढून पाहिला तर वाशीम उज्जैनच्या सव्वा अंशाहून जरा जास्तच पूर्वेला भरतं, पण एवढ्यासाठी देवाला हलवायला कोणी गेलं नाही. या मध्यरेखेवरून मामा थेट भास्कराचार्यांवर येतो. त्यांच्या बीजगणितात बेरजेचं चिन्हच नाही. अव्यक्ताला ‘या’, व्यक्ताला ‘रू’, आणि पदं शेजारी शेजारी मांडली की ती मिळवायची. आपण अजूनही २½ लिहितो तेव्हा दोन आणि अर्धा मिळवतोच, गुणत नाही. ‘मंग दोनशेजारी चार म्हणजे किती? सहा का आठ?’ या हिशेबानं कोणी दोन आणि चार आधी मिळवतो आणि आठ भागिले सहा करतो, कोणी आठ भागिले दोन करून त्यात चार मिळवतो. सोळा आणि एक यांची भांडणं चालू असताना आता आठही मैदानात येतो आणि एक पूर्णांक एक तृतीयांशही. पंगत उठते, तरी पत्रिका फिरतच असते.

कोडं मिटवायचा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: आणखी एक कंस घाला. मामा तेवढं करत नाही. त्याच्या नावात कंस आहे, कागदावर तो नेमका एक कमी असतो.

असाच एका लग्नात त्यानं कागद शेजारच्या पोरीपुढं सरकवला. ती आठवीत, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसलेली. तिनं पेन घेतलं, ÷ खोडलं, आठच्या खाली आडवी रेघ मारली आणि विचारलं, ‘मामा, रेघेखाली नुसता दोन लिहू का कंसासकट सगळं?’

मामानं टोपण दातातून काढून पेनाला लावलं. ‘तसं लिहिलं तर मंग चौथीतलं पोट्टंही करते,’ तो म्हणाला, आणि मोबाईल काढून तिला केळ्यांच्या घडांचं कोडं दाखवू लागला, ज्यात शेवटच्या ओळीतल्या घडात एक केळं कमी असतं.