कोंबडी शिंकली

आमच्याकडे काम फिसकटलं की माशी शिंकते. ती माशी कोणाची, तिला सर्दी कशाने झाली, याची चौकशी कुणी करत नाही. माझ्याकडे मात्र आषाढातल्या एका पहाटे चक्क कोंबडी शिंकली आणि पुढचे पंधरा दिवस अख्ख्या आळीला दुसरा विषय उरला नाही.

कोंबडीची शिंक ज्यांनी ऐकली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सर्दावलेल्या काडेपेटीवर काडी ओढावी आणि ती पेटू नये, तसा आवाज येतो. च्छिक्. मग ती मान झटकते, एक डोळा मिटते आणि आपण काही केलंच नाही अशा चेहऱ्याने जमीन उकरायला लागते. पहिल्यांदा मला वाटलं, बायको शिंकली. बायकोला वाटलं, मी. दोघांनी एकमेकांना "आलं घालून चहा करू का?" असं विचारलं. इतक्या वर्षांच्या संसारातला तो दुर्मीळ प्रेमळ क्षण आम्हाला झिपरीने मिळवून दिला.

झिपरी म्हणजे डोक्यावर पिसांचा झुबका असलेली आमची तलंग. नोकरीची तीस वर्षं आसनगाव लोकलने मुंबईला जाऊन दुसऱ्यांच्या शिंका मानेवर घेतल्यावर मी निवृत्त होऊन गावी आलो आणि सरळगावच्या बाजारातून पाच गावठी कोंबड्या आणल्या. आमचं गाव किन्हवली-सरळगाव रस्त्यालगत. तालुका शहापूर, पण बाजारहाट मुरबाडकडचा. त्यामुळे मला फुकट सल्ला देणारे तालुके दोन आहेत.

आल्या आल्या मी खुराडं बांधलं. पावसाळा तोंडावर होता आणि आमच्याकडचा पाऊस म्हणजे मुंबईची तानसा, वैतरणा, भातसा भरून देणारा पाऊस. म्हणून वर पत्रा, चारी बाजूंनी निळी ताडपत्री, फटींत जुनी गोणपाटं, खाली भाताच्या तुसाची गादी, आत बल्ब. वाऱ्याला शिरायला सुईएवढी जागा ठेवली नाही. शेजारच्या काकीचं खुराडं होतं कारवीच्या काठ्यांचं, चार दगडांवर उचललेलं. आरपार दिसायचं. तिच्या कोंबड्यांची मला दया यायची. काकी एकदा माझ्या खुराड्याभोवती फेरी मारून गेली आणि एवढंच म्हणाली, "बरा बांधलाय. आत कोण ऱ्हानार हाय?"

शहापूर तालुक्यात पक्ष्याची शिंक ही थट्टेची गोष्ट नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या वेहळोलीला एका शेडमध्ये शंभरेक कोंबड्या पटापट मेल्या. नमुने पुण्याला गेले, बर्ड फ्लू निघाला आणि एक किलोमीटरच्या परिघातले सुमारे २५ हजार पक्षी नष्ट करायचा आदेश झाला. तेव्हापासून कोंबडीने नुसती मान हलवली तरी इथली माणसं दोन पावलं मागे सरतात. झिपरी शिंकली त्या रात्री मी अंथरुणात पडून आमच्या घराभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढत होतो. त्यात शाळा येत होती, देऊळ येत होतं आणि काकीच्या बारा कोंबड्या येत होत्या. काकी मला काय म्हणेल, या विचाराने मला बर्ड फ्लूपेक्षा जास्त घाम फुटला.

सकाळी झिपरीला वेगळं काढून ओटीवर डालग्याखाली ठेवलं आणि सल्लागारांची रीघ लागली. एकाने लसूण ठेचून पाण्यात घालायला सांगितलं, दुसऱ्याने हळद, तिसऱ्याने अडुळसा. चौथ्याने खिशातून लाल-पिवळी कॅप्सूल काढली. "अर्धी भातात कालवा. आमच्या म्हशीला लागू पडली होती."

पुढच्या घरचा पोरगा मात्र रोज सकाळ-संध्याकाळ येऊन डालगं उचलून बघायचा. "काका, कशी हाय आता?" मी भारावून गेलो. आजकालच्या पिढीत मुक्या जनावराबद्दल इतकी माया! चौथ्या दिवशी तो म्हणाला, "गटारी नऊ दिवसांवर आलीय काका. तोपर्यंत काढंल ना ही? नायतर आधीच उरकून घेऊ. वाया कशाला घालवायची?"

त्या संध्याकाळी मी थर्मामीटर काढला. तो कुठे लावला ते विचारू नका. झिपरीने त्याबद्दल मला अजून माफ केलेलं नाही आणि बायकोनेही, कारण घरात थर्मामीटर तो एकच होता. आकडा आला १०६.८. माणसाला इतका ताप असता तर आम्ही रुग्णवाहिका बोलावली असती. मी झिपरीच्या डोक्यावर ओली पट्टी ठेवली. तिने ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तिला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. माझ्या पुढे एक बैल होता, मागे दोन शेळ्या. बैलवाल्याने विचारलं, "काय आणलंय?" मी हळूच म्हणालो, "सर्दी." डॉक्टरांनी १०६.८ ऐकलं आणि खुर्चीत मागे रेलून मनसोक्त हसले. कोंबडीचं रोजचंच तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं म्हणे, म्हणजे १०६-१०७ फॅरनहाइट. माझी झिपरी अगदी ठणठणीत गरम होती.

मग त्यांनी तिचा चेहरा दाबून पाहिला, चोच उघडून वास घेतला, डोळ्यांच्या कडा बघितल्या, छातीला कान लावला. चेहरा सुजलेला नाही, नाकातून घाण वास नाही, तोंड उघडून श्वास नाही, तुरा लाल, खाणं चालू. "यातलं काही दिसलं असतं, हिरवी हगवण असती किंवा दोन-चार एकदम मेल्या असत्या, तर मी हसलो नसतो," ते म्हणाले. मग मानमोडीची लस दिली का, ते विचारलं. हा रोग १९२६ साली इंग्लंडात न्यूकॅसलला सापडला म्हणून जगभर त्याचं नाव न्यूकॅसल. आपल्याकडे राणीखेतला सापडला म्हणून कागदोपत्री राणीखेत. मान पिळवटून कोंबडी मरते म्हणून गावात मानमोडी. तिन्ही नावांत खरं काय ते आमच्याच गावाने सांगितलं, असं माझं मत आहे. कॅप्सूलबद्दल डॉक्टरांनी इतकंच विचारलं, की ती घातल्यावर अंडी कोण खाणार, नातवंडं का?

"डालग्यात ठेवल्यावर शिंकली का?" त्यांनी शेवटी विचारलं.

मी आठवून पाहिलं. ओटीवर आल्यापासून झिपरी शिंकली नव्हती. उलट खुराड्यातल्या दोघी आता सुरू झाल्या होत्या.

"मग घरी जा, गुडघ्यावर बसा आणि खुराड्यात डोकं घाला. उभ्याने नाही. कोंबडीच्या नाकाच्या उंचीवर. दोन मिनिटं."

दोन मिनिटं कुठली! ताडपत्री उचलून खांद्यापर्यंत आत गेलो आणि डोळ्यांतून धारा लागल्या. पाण्याचं भांडं रोज लवंडून तूस भिजलेला, त्यावर पाच जणींची विष्ठा, वर बल्बची ऊब आणि वारा नावालाही नाही. त्यातून उठणारा अमोनिया नाकात अमृतांजनाच्या विरुद्ध दिशेने चढला. कोंबडीच्या अंगात फुप्फुसांखेरीज नऊ हवेच्या पिशव्या असतात, हे डॉक्टर सांगत होते तेव्हा मला कौतुक वाटलं होतं. या हवेने नऊ पिशव्या भरणं म्हणजे काय, ते तिथे कळलं. जुलैच्या पावसात सगळ्या खिडक्या लावलेल्या आसनगाव लोकलचा दुसरा वर्ग मी स्वतःच्या परसात, स्वतःच्या खर्चाने उभा केला होता. फक्त चौथी सीट नव्हती.

आणि मी शिंकलो. सलग सात वेळा. खुराड्यातून माझा फक्त मागचा अर्धा भाग बाहेर होता. आत कोंबड्यांनी एकच कल्ला केला. बाहेर काकी उभी होती. ती काही बोलली नाही. घरात गेली, विळा घेऊन आली आणि ताडपत्रीच्या वरच्या पट्ट्या सरासरा कापायला लागली. छताखालून वीतभर उंचीची मोकळी फट काढली, चारी बाजूंनी. "अंगावं पाऊस नको, डोक्यावरनं वारा पायजे," ती म्हणाली. मी ओला तूस टोपलीने उपसला, कोरडा पसरला, पाण्याचं भांडं विटांवर चढवलं. गोणपाटं उकिरड्यावर गेली.

शिंका हळूहळू विरळ झाल्या. आठवड्याने झिपरी परत आपल्या मैत्रिणींत गेली, दोन टोचे खाल्ले, तीन मारले आणि स्थिरावली. तिने ओटीवरच्या डालग्यात जाता जाता एक अंडं ठेवलं होतं, भाडं दिल्यासारखं.

कोंबड्या बऱ्या झाल्या, पण तो तूस उपसण्याची धूळ माझ्या नाकात बसली ती बसली. गटारीच्या आदल्या दिवशी सकाळी खुराड्याकडून आवाज आला तसा पुढच्या घरचा पोरगा धावतच कुंपणाशी आला.

"काका, कोण शिंकली?"

"मी," म्हटलं.

"आत्ता!" म्हणाला आणि पाय ओढत मुरबाडच्या रस्त्याला लागला.