पुढच्या सीटवरचा आवाजतज्ज्ञ

मोटारीत चालकाच्या डाव्या हाताला बसणारा आणि फोनवरचे गाणे गाडीच्या स्पीकरमधून बारीक येऊ लागताच बाह्या सरसावणारा जो गृहस्थ, तो आवाजतज्ज्ञ. तो बहुधा नात्यातला असतो : गाडीमालकाचा मेहुणा किंवा साडू, क्वचित आतेभाऊ. गाडी त्याची नसते आणि फोनही त्याचा नसतो, त्यामुळे दोन्हींवर प्रयोग करताना त्याचा हात आखडत नाही. वय पस्तिशीपासून पुढे कितीही. लहानपणी त्याने घरचा टू-इन-वन उघडलेला असतो, आणि तो पुन्हा बंद केल्यावर उरलेले दोन स्क्रू हीच त्याची पदवी. गाडीतल्या स्टिरिओला तो आजही 'टेप' म्हणतो.

लग्नसराईत, गणपतीत आणि मे महिन्यात कोकणच्या वाटेवर हा प्राणी सर्वाधिक आढळतो. गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर पडते, कोणीतरी फोन जोडून गाणे लावते, मागून वहिनींची "काहीच ऐकू येत नाहीये" अशी तक्रार येते. तज्ज्ञ "थांबा, मी बघतो" म्हणतो. त्यानंतर मालकाला स्वतःचा फोन मुक्कामी पोचेपर्यंत दिसत नाही.

पहिला उपचार ठरलेला : स्टिरिओचा नॉब उजवीकडे पिळणे. आकडा चाळीसपैकी अडतीसवर जातो, गायिका तरीही पुटपुटतच राहते. याचे कारण साधे आहे. फोनमधून निघालेला आवाज पुष्कळ गाड्यांत दोनदा मोजला जातो, एकदा फोनच्या बाजूच्या बटणावर आणि एकदा स्टिरिओच्या नॉबवर. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह अर्धा बंद असेल, तर स्वयंपाकघरातला नळ कितीही सोडला तरी धार करंगळीएवढीच पडायची. म्हणून फोनचा आवाज आधी जवळजवळ पूर्ण वाढवावा आणि पुढचे कमी-जास्त नॉबवर करावे, हा या विषयातला पहिला नियम आहे. तज्ज्ञाला तो ठाऊक नसतो असे नाही. पण फोनच्या बाजूचे बटण दाबणे हे कोणालाही जमणारे काम असल्याने त्याला ते प्रतिष्ठेचे वाटत नाही. आणि समजा दाबलेच, तर गाणे थांबलेले असताना दाबतो. मग पुष्कळ फोनांत गाण्याचा नव्हे, रिंगचा आवाज वाढतो. फोनमध्ये गाण्याचा, कॉलचा, रिंगचा आणि अलार्मचा आवाज वेगवेगळा धरलेला असतो. रस्ता दाखवणाऱ्या बाईंची पातळीही अनेकदा वेगळी असते, म्हणूनच गाणे कुजबुजत असताना "दोनशे मीटरवर डावीकडे वळा" हे मात्र कानठळ्या बसवून जाते.

दुसरी पायरी निदानाची. इथे तज्ज्ञ डोळे मिटतो, कान पुढे करतो आणि "स्पीकर गेलेत" असे जाहीर करतो. प्रत्यक्षात कित्येकदा आवाज स्पीकरमधून येतच नसतो. तो बाटली ठेवायच्या खाचेत पडलेल्या फोनमधूनच येत असतो. ब्लूटूथने गाडी जोडली गेली तरी कॉलसाठीची जोडणी आणि गाण्यांसाठीची जोडणी या दोन निराळ्या गोष्टी असतात. ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावापुढे 'मीडिया ऑडिओ' बंद राहिला असेल, तर कॉल गाडीत वाजतो आणि गाणे फोनमध्ये. पाच माणसांनी डॅशबोर्डकडे कान लावून बसावे आणि गाणे गिअरशेजारी वाजत असावे, हे दृश्य दुर्मीळ नाही.

ऑक्सची वायर हा तज्ज्ञाचा खास प्रांत, कारण ती हाताळता येते. तो पिन उपसतो, तिच्यावर फुंकर मारतो, सदऱ्याच्या टोकाने पुसतो, पुन्हा खोचतो आणि किंचित फिरवतो. मग अद्भुत घडते : तबला येतो, व्हायोलिने येतात, गायिका गायब होते. "रेकॉर्डिंगच तसं आहे," असा निर्वाळा तो देतो. खरा प्रकार असा की पिन पूर्ण आत न बसल्याने दोन्ही बाजूंना सामाईक असलेली जमिनीची तार सुटलेली असते. डाव्या आणि उजव्या आवाजातला जो फरक, तेवढाच मग स्पीकरपर्यंत पोचतो. गायकाचा आवाज बहुधा मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखा ठेवलेला असतो, त्यामुळे तो वजा होतो. मोनो ध्वनिमुद्रणात तर दोन्ही बाजू अगदी एकच. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून गाजलेल्या 'गीतरामायणा'च्या काळातले एखादे मोनो गाणे अशा अर्धवट पिनेवर लावले, तर रामासकट सगळा वाद्यवृंदच वनवासाला जातो. यावर उपाय म्हणजे फोनचे जाड कव्हर काढून पिन 'टक्' असा आवाज होईपर्यंत आत ढकलणे. कव्हर काढणे तज्ज्ञाला सुचत नाही. वायर बदलायला हवी, हे सुचते. त्याच वेळी फोन गाडीतच चार्जिंगला लावलेला असला, तर ॲक्सिलरेटरबरोबर चढत-उतरत जाणारी एक शिट्टी ऐकू येते. ती विजेच्या बाजूने येते. फोनचा आवाज कमी आणि नॉब जास्त असला, की गाण्यापेक्षा तीच मोठी होते.

जुन्या गाडीत ऑक्सही नसते, तिथे लायटरच्या भोकात खोचायचा एफएम ट्रान्समीटर असतो. त्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. रिकामी लहर शोधून तो त्यावर लावायचा असतो आणि गाव बदलले की ती लहर रिकामी राहत नाही, त्यामुळे अभंगात मधूनच साबणाची जाहिरात येते.

फेडर नावाच्या सेटिंगकडे मात्र लक्ष दिले पाहिजे. आवाज पुढच्या स्पीकरांना किती आणि मागच्यांना किती, हे त्यावर ठरते. पुढे काहीच ऐकू येत नाही आणि मागे मुले कानांत बोटे घालून बसली आहेत, असे झाले की फेडर पूर्ण मागे सरकला आहे असे समजावे. तो आपोआप सरकत नाही. गेल्या गणपतीत याच तज्ज्ञाने 'बेस सेट करतो' म्हणून जे केले होते, त्याचे ते फळ असते.

आता उरतो शेवटचा आणि सर्वांत गंभीर उपचार. अँड्रॉइड फोनमध्ये 'अबाउट फोन'च्या पोटात 'बिल्ड नंबर' असतो. त्यावर सात वेळा टिचकी मारली की आता आपण डेव्हलपर झालात, असा मजकूर पडद्यावर उमटतो. बारावीला गणित सोडून वाणिज्य शाखेला गेलेल्या माणसावर या मजकुराचा जो परिणाम होतो, तो बघण्यासारखा असतो. तो फोन सगळ्यांना फिरवून दाखवतो. या डेव्हलपर पर्यायांत 'डिसेबल ॲबसोल्यूट व्हॉल्यूम' असा एक खटका आहे. ॲबसोल्यूट व्हॉल्यूम चालू असताना फोनचा आणि गाडीचा आवाज एकमेकांना बांधलेला असतो. काही गाड्यांना ही बांधणी नीट कळत नाही आणि आवाज खालीच अडकतो. खटका दाबून ती सोडवली की दोन्हींचे आवाज पुन्हा स्वतंत्र होतात. आयफोनवाल्यांचा मार्ग वेगळा : २०२१ साली आलेल्या आयओएस १४.४ पासून ब्लूटूथच्या यादीत त्या उपकरणाचा प्रकार 'कार स्टिरिओ' असा नोंदवता येतो. तसे केल्यास कानाला जपण्यासाठी हेडफोनवर घातलेली मर्यादा फोन गाडीला लावत नाही.

अँड्रॉइडचा खटका मात्र ब्लूटूथ बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय पुष्कळदा लागू होत नाही, आणि तेवढा धीर तज्ज्ञाला नसतो. खटका दाबला, फरक पडला नाही, "भावजी, तुमच्या फोनमध्येच प्रॉब्लेम आहे," असे म्हणून तो फोन खाली ठेवतो. खटका दाबलेला राहतो, फोनचा आवाज पूर्ण राहतो, नॉब अडतीसवर राहतो. गाडी खालापूरच्या फूड मॉलला थांबते. वडापाव होतो, चहा होतो, उरलेला चहा कागदी कपात घेऊन मंडळी परत बसतात. चालक किल्ली फिरवतो, फोन नव्याने जोडला जातो, खटका लागू होतो आणि अर्ध्यावर थांबलेले गाणे पूर्ण ताकदीने सुरू होते. चहा कोणाच्या अंगावर सांडतो हे बसण्याच्या क्रमावर अवलंबून असते. तज्ज्ञ एवढेच म्हणतो, "बघा, आला की नाही?"

उपचार लागू पडला हे नाकारता येत नाही. त्याचे इतर परिणाम दुसऱ्या दिवशी कळतात. तो खटका गाडीपुरता नसून फोनला जोडलेल्या सर्व ब्लूटूथ उपकरणांना लागू होतो, त्यामुळे मालकाच्या कानातल्या बड्सचा आवाजही विचित्र वागू लागतो. आणि कंपनीने बसवलेल्या साध्या स्पीकरला पूर्ण आवाजाचा असा दणका बसला की तो प्रत्येक ठेक्याला फरफरू लागतो. फरफरणारा स्पीकर बदलावा लागतो. त्याला सेटिंग नसते.